दळण, चऱ्हाट की गुऱ्हाळ?

रेंगाळलेल्या मालिकेची टर उडवताना कोणी 'दळण' म्हणतं, कोणी 'चऱ्हाट', कोणी 'गुऱ्हाळ'. हे तिन्ही समानार्थी मानावेत का? ढोबळ अर्थ एकच, लांबलेलं आणि कंटाळवाणं. तरीही एकाच्या जागी दुसरा ठेवला की टोमणा बोथट होतो, असं माझं ठाम मत आहे.

दळणापासून बघू. जात्याचा खुंटा कितीही फिरवला तरी परत तिथेच येतो. हार चोरीला गेला, सुनेवर आळ आला, खरं कळलं, सगळे रडले. पुढच्या महिन्यात हाराच्या जागी बांगड्या. याला दळणच म्हणायचं. ओळखायची खूण सोपी आहे: महिनाभर मालिका पाहिली नाही आणि तरी काहीच अडलं नाही, तर ते दळण. जुन्या भागांतली दृश्यं 'आठवणी' म्हणून पुन्हा दाखवतात, त्यासाठी तर तयार शब्द आहे, पिष्टपेषण. पिष्ट म्हणजे पीठ, पेषण म्हणजे दळणं. दळलेलं पीठच पुन्हा जात्यात!

चऱ्हाटाचं तसं नाही. चऱ्हाट म्हणजे दोरखंड. तो गोल फिरत नाही, लांबत जातो. त्यासाठी सतत नवे पेड वळावे लागतात: जुळी बहीण, गेलेली स्मृती, मेलेला म्हणून फोटोला हार घातलेला नवरा दारात उभा. अमेरिकेतली 'गायडिंग लाइट' १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये टीव्हीवर आली आणि २००९ मध्ये थांबली. बहात्तर वर्षं नुसतं दळण चालत नाही, त्याला चऱ्हाटच वळावं लागतं. म्हणून या शब्दात मला शिवीबरोबर थोडी दादही ऐकू येते.

गुऱ्हाळ मी मालिकेसाठी वापरणार नाही. 'चर्चेचं गुऱ्हाळ' हा प्रयोग रुळलेला आहे आणि तो वृत्तवाहिनीवरच्या चर्चेलाच शोभतो. तोच ऊस पुन्हा पुन्हा चरकात, रस केव्हाच संपलेला, हाती चिपाड, आणि भोवती माणसं मात्र भरपूर.

'पाणी घालणे' या सगळ्यांहून वेगळं, आणि मला सर्वांत नेमकं वाटतं. इथे मूळ ऐवज असतो, तो पातळ केलेला असतो. 'मी आई होणार आहे' एवढं एक वाक्य. मग आठ जणांचे चेहरे, प्रत्येक तीनदा, दर चेहऱ्याला ढोलाचा दणका, मग जाहिराती. क्रियापदही बघा. दळण 'चालू असतं', गुऱ्हाळ 'सुरू राहतं', पाणी मात्र कोणीतरी 'घालतं'. म्हणजे आरोप थेट करणाऱ्यावर आहे. लेखकाला दोष द्यायचा असेल तर हाच प्रयोग करावा.

'मारुतीच्या शेपटासारखी वाढली' असंही म्हणतात. मला ते पटत नाही. ते शेपूट वाढलं आणि शेवटी त्याने लंका पेटवली!

चित्रपटाला यातलं फारसं काही लागू पडत नाही, कारण अडीच तासांत तो सुटका करतो. तो 'रटाळ' असतो, 'डोक्याला ताप' असतो. अपवाद 'नमनाला घडाभर तेल'चा. ही म्हण मुळात रंगमंचाचीच: खेळ दिवट्यांच्या उजेडात चालायचा आणि नमनातच घडाभर तेल जळालं तर पुढच्या खेळाला उजेड कुठला? चाळीस मिनिटं नायकाचे बूट, गॉगल आणि पाठच दिसत राहते, त्या चित्रपटाला ती चपखल बसते.

'डब्यात गेला' आणि 'आपटला' यांची मात्र सरमिसळ नको. रिळं पत्र्याच्या गोल डब्यांत ठेवत, त्यावरून डबा आला. डब्यातून बाहेरच न आलेला चित्रपट 'डब्यात'. आपटायला आधी पडद्यावर यावं लागतं.

राहिला मालिकेचा शेवट. चऱ्हाट वर्षानुवर्षं चालतं आणि टीआरपी घसरला की एका आठवड्यात खलनायिकेला पश्चात्ताप होतो, दोन लग्नं लागतात, सगळे मिळून हात जोडतात. अशा मालिकेला 'संपली' म्हणू नये. ती 'गुंडाळली'. गाशा गुंडाळतात ना, तोच प्रकार. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावरचं कापड. ते गुंडाळलं की मुक्काम हलला.