उणे वीस अंशांत ट्रेल कॅमेऱ्याला कोणते सेल घालावेत?

गवतवाट
रानात लावून ठेवायचा, समोर काही हललं की आपोआप फोटो घेणारा कॅमेरा आहे, आठ डबल-ए सेलचा. आठही सेल एकापाठोपाठ जोडलेले, म्हणजे १२ व्होल्ट. जागा अशी की दिवसा पारा शून्याच्या आसपास आणि पहाटे उणे २० पर्यंत. नवे अल्कलाइन सेल घातले की दिवसाचे फोटो व्यवस्थित येतात, रात्रीचे आधी काळपट होतात आणि तिसऱ्या आठवड्यापासून येतच नाहीत. तेच सेल घरात आणून मीटर लावला तर प्रत्येकी १.३ व्होल्ट. मग हे सेल संपलेत की नाहीत? आता कॅमेरा तीन महिने हात न लावता चालायला हवा. रात्रीला साधारण २० व्हिडिओ, १० सेकंदांचे. लिथियम घ्यावेत, रिचार्जेबल, की बाहेरून मोठी बॅटरी जोडावी?

अर्धाव्होल्ट
संपलेले नाहीत, गारठलेत. अल्कलाइन सेलमधलं द्रावण पाण्यातलं असतं. थंडीत त्यातल्या आयनांची हालचाल मंदावते आणि सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे सेलच्या आतच प्रवाहाला होणारा अडथळा, वाढतो. मीटर लावला तर सेलमधून प्रवाह जवळजवळ जातच नाही, म्हणून हा रोध मीटरला दिसत नाही. कॅमेऱ्याला मात्र रात्री उजेडासाठी इन्फ्रारेड एलईडी (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे दिवे) पेटवायचे असतात, तेव्हा तो दिसतो.

आकडे घालून बघा. अर्धा वापरलेला सेल, १.३ व्होल्ट, आणि रात्रीच्या व्हिडिओला ०.८ अँपिअर धरू. घरात रोध ०.२ ओहम असेल तर ०.१६ व्होल्ट आत जिरतात, १.१४ उरतात, आठांचे मिळून नऊच्या वर. उणे २० ला रोध ०.६ ओहम धरा : ०.४८ जिरतात, ०.८२ उरतात, आठांचे साडेसहा. कॅमेरा ८ व्होल्टला स्वतःला बंद करत असेल तर खेळ खलास. दिवसा एलईडी लागत नाहीत, म्हणून दिवसाचे फोटो येत राहतात. सेल घरात येऊन कोमट झाले की परत ठणठणीत. पाकिटावर छापलेल्या एमएएचचा (मिलिअँपिअर-तास, सेलच्या क्षमतेचं माप) इथे फारसा उपयोग नाही. भार पडल्यावर व्होल्टेज किती टिकतं ते महत्त्वाचं.

या कामाला लिथियम-आयर्न डायसल्फाइडचे सेल घ्या, एकदा वापरून टाकायचे, १.५ व्होल्टचे. आत पाणी नाही, सेंद्रिय द्रावक असतो, त्यामुळे उत्पादक उणे ४० पर्यंतची हमी देतात. क्षमता ३००० एमएएचच्या आसपास. वजन साधारण १५ ग्रॅम, अल्कलाइनचं २३. पाकीट हातात घेतलं की फरक कळतो, आणि नकली माल ओळखायलाही वजनकाटा बरा पडतो.

दुकानात नुसतं ‘लिथियम’ म्हणून मागू नका. त्याच मापाचा १४५०० नावाचा रिचार्जेबल सेल मिळतो, तो ३.७ व्होल्टचा असतो. आठ घातले तर जवळजवळ ३० व्होल्ट. कॅमेरा गेला.

साठवण
वरचं बरोबर, पण रिचार्जेबल इतक्यात बाद करू नका. निकेल-मेटल हायड्राइड सेलचा आकडा १.२ व्होल्ट, म्हणून लोक नाक मुरडतात. अंतर्गत रोध मात्र अल्कलाइनपेक्षा कितीतरी कमी, ताज्या सेलचा साधारण ०.०२ ते ०.०३ ओहम. थंडीत तो वाढला तरी भाराखाली १.१ च्या आसपास टिकतो. अर्ध्या संपलेल्या अल्कलाइनला ते जमत नाही. आपोआप डिस्चार्ज कमी होणारे, २००० एमएएचचे घ्या. उणे २० ला त्यातले निम्मेच हाती लागतील असं धरून चाला, आणि त्याहून खाली ते वापरूच नका.

दोन अटी. कॅमेऱ्याच्या मेनूत बॅटरीचा प्रकार निवडता यायला हवा, नाहीतर ९.६ व्होल्ट बघून तो पहिल्या दिवशीच ‘बॅटरी कमी’ म्हणतो. आणि बाहेरून आणलेले सेल लगेच चार्जरला लावायचे नाहीत. दोन-तीन तास खोलीत ठेवा. गार सेल चार्जिंगच्या वेळी वायू शोषून घेऊ शकत नाही, आत दाब वाढतो, झडप उघडते आणि सेलचं आयुष्य घटतं.

यूएसबीवर चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम-आयन सेल मी सुचवणार नाही. आत व्होल्टेज उतरवणारं सर्किट असतं, ते कॅमेरा झोपलेला असतानाही थोडा प्रवाह खात राहतं. तीन महिन्यांत तोच खर्च मोठा होतो.

डीसीपिन
सेलचा प्रकार ठरला, पण हिशोब कुणी केला नाही. ०.८ अँपिअर गुणिले १० सेकंद म्हणजे २.२ एमएएच. जागं होणं आणि कार्डावर लिहिणं धरून अडीच. रात्रीचे २०, नव्वद रात्री : १८०० व्हिडिओ, ४५०० एमएएच. झोपेतला खर्च ०.२ मिलिअँपिअर धरला तर नव्वद दिवसांचे ४३० आणखी. एकूण पाच हजारांच्या आसपास, आणि सेलमध्ये आहेत तीन हजार. म्हणजे सर्वात भारी लिथियमही दुसऱ्या महिन्याच्या शेवटीच मान टाकतील.

आधी तुमच्या कॅमेऱ्याचा खरा प्रवाह मोजा. बॅटरी आणि कॅमेरा यांच्या मध्ये मीटर, आणि वायर १० अँपिअरच्या खाचेत. मिलिअँपिअरच्या खाचेत ठेवलीत तर एलईडी पेटताच मीटरचा फ्यूज उडेल.

मग दोन रस्ते. व्हिडिओ सोडून रात्री तीन-तीन फोटो घ्या; खर्च पाचपटीने तरी उतरतो आणि लिथियम सेल आरामात तीन महिने काढतात. किंवा व्हिडिओ हवाच असेल तर बाहेरची १२ व्होल्टची बॅटरी.

बंद लेड-ॲसिड स्वस्त पडते, पण उणे २० ला क्षमता निम्म्यावर येते : ७ अँपिअर-तासाची साडेतीन. शिवाय ती रिकामी होत जाते तसं आतलं आम्ल पातळ होतं आणि गोठणबिंदू वर चढतो. पूर्ण चार्ज असलेली तुमच्या थंडीत गोठणार नाही, पूर्ण रिकामी नक्की गोठेल आणि डबा तडकेल. म्हणून १२ अँपिअर-तासाची घ्या आणि तळाशी जाऊ देऊ नका. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी वजनाला हलकी, उणे २० पर्यंत वीज देते, पण शून्याखाली ती चार्ज करायची नसते. चांगल्या बॅटरीतलं संरक्षक सर्किट चार्जिंग तोडतं. त्यामुळे सोलर पॅनल लावलं तरी कडाक्याच्या दिवसांत काही भरणा होईल असं धरू नका. पॅनलवर बर्फ साचतो तो वेगळाच.

पिन बहुधा ५.५ गुणिले २.१ मिलिमीटरची, मधला धन. बहुधा म्हटलं, तेव्हा कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत बघा. काही कॅमेरे बाहेरून ६ व्होल्टच घेतात. बॅटरीच्या धन टोकाजवळ २ अँपिअरचा फ्यूज हवा. केबल कॅमेऱ्यात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे वितळलेलं पाणी पिनवर न जाता तिथूनच टपकेल.

गवतवाट
फोटोच घेतो मग, आणि लिथियम सेल. निघण्याआधी सेल तपासायचे कसे? काही थोडे वापरलेलेही आहेत.

अर्धाव्होल्ट
वापरलेले वेगळे ठेवा. नव्यात जुना मिसळायचा नाही, प्रकारही मिसळायचे नाहीत. एकापाठोपाठ जोडणीत जो आधी रिकामा होतो त्यातून बाकीचे सात जबरदस्तीने प्रवाह ढकलतात, तो उलटा चार्ज होतो आणि फुटतो किंवा गळतो.

तपासणी : सेल कोरड्या, बंद पिशवीत घालून घरच्या फ्रीझरमध्ये चार तास ठेवा, तिथे साधारण उणे १८ असतं. बाहेर काढताच मीटर लावा आणि टोकांना २.२ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर पाच सेकंद जोडा. प्रवाह साधारण ०.६ अँपिअर. तेवढ्या भारावर सव्वा व्होल्टच्या खाली जाणारा सेल या मोहिमेत नको. ताज्या लिथियम सेलचं भाराविना १.७ ते १.८ दाखवलं तर घाबरू नका, ते तसंच असतं.

कॅमेऱ्यावरच्या बॅटरीच्या पट्ट्यांवर मात्र विसंबू नका. लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं. काल पूर्ण, आज बंद. सेलवर मार्करने तारीख टाका आणि पट्टी बघून नाही, दिवस मोजून बदला.

साठवण
आधीचे अल्कलाइन कॅमेऱ्यात राहिले असतील तर स्प्रिंगवर पांढरी पूड जमलीय का बघा. गळती अल्कधर्मी असते, म्हणून व्हिनेगर लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि पूर्ण सुकू द्या. मळक्या स्प्रिंगमुळे वाढणारा रोध थेट सेलच्या रोधात मिळतो; उत्तम लिथियम घालूनही रात्रीचे फोटो काळे येतील.

परत आणताना कॅमेरा बाहेरच, थंडीतच, बंद पिशवीत घाला आणि खोलीत पिशवी न उघडता काही तास तशीच राहू द्या. दव पिशवीवर बसेल, सर्किटवर नाही. कार्ड त्यानंतर काढा.