आठवड्याला पाच पोस्टी की महिन्याला एक लेख? छोट्या धंद्याचं कंटेंट टिकणार कसं?

टाचणी
छोट्या धंद्याचं कंटेंट मार्केटिंग (लेख, व्हिडिओ, पोस्टी यांतून गिऱ्हाईक मिळवणं) बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत आटतं. सुरुवातीला वर्षभराचं कॅलेंडर बनतं, आठवड्याला पाच पोस्टी ठरतात, आणि लिहिणारा माणूस तोच, जो कोटेशनं काढतो नि फोन घेतो. कामाची गर्दी झाली की पहिली कात्री इथेच लागते. मग रिकाम्या जागा 'जागतिक अमुक दिना'च्या शुभेच्छांनी बुजवायच्या.

त्यापेक्षा महिन्याला एकच लेख, स्वतःच्या वेबसाइटवर, ग्राहकाने खरोखर विचारलेल्या प्रश्नावर. त्यासाठी तीन रकान्यांची वही पुरते: तारीख, ग्राहकाचे शब्द जसेच्या तसे, आणि प्रश्न खरेदीआधीचा की नंतरचा. तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला की लेखाला घ्या. वॉटरप्रूफिंगवाले वेबसाइटवर लिहितात 'डॅम्पनेस सोल्यूशन्स'. फोनवर माणूस म्हणतो, 'भिंतीला पोपडे आलेत, रंग दिला तरी परत सुटतो.' गूगलमध्येही तो हेच टाकतो.

ठोकताळा
वही मान्य, महिन्याला एक अमान्य. वर्षाला बारा नेम मारून हात बसतो का? कुठलं शीर्षक चालतं, कुठल्या सेकंदाला माणूस निघून जातो, हे कळायला संख्याच लागते.

तुमचे पोपडेच घ्या. फूटभर प्लास्टिक भिंतीवर चारही कडांना चिकटपट्टी लावून घट्ट बंद करायचं आणि दोन दिवसांनी बघायचं. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतला दमटपणा. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ झाला. त्याला बाराशे शब्द कशाला?

हिशेबनीस
चाळीस सेकंद बघणाऱ्याचे. करणाऱ्याचे मोजा की: दोनदा चित्रण (कारण मध्ये दोन दिवस), काटछाट, खाली अक्षरं, कारण पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून बघतात. अडीच-तीन तास सहज जातात. असे आठवड्याला पाच म्हणजे जवळजवळ दोन कामाचे दिवस. ते कुठून आणणार, तेवढं सांगा.

शिवाय सगळं भाड्याच्या जागेत, म्हणजे दुसऱ्याच्या अॅपवर. छोट्या व्हिडिओंचं वाइन (Vine) हे अॅप जानेवारी २०१७ मध्ये बंद झालं, गूगल प्लस हे समाजमाध्यम एप्रिल २०१९ मध्ये. तिथे जमवलेला गोतावळा कुणाला सोबत नेता आला नाही.

टाचणी
@ठोकताळा, व्हिडिओला ना नाही, क्रम उलटा करा एवढंच. जो माणूस प्रत्यक्ष काम करतो त्याला वहीतला प्रश्न विचारून पाऊण तास बोलतं करा, रेकॉर्ड करा. त्यातून लेख. लेखातून दोन-तीन छोटे व्हिडिओ, एक ईमेल, आणि व्हॉट्सअॅपवर विचारणा आली की चिकटवायला एक तयार उत्तर. या शेवटच्या गोष्टीचा उपयोग सगळ्यात जास्त, कारण तेच उत्तर पुन्हा टाइप करायचं वाचतं. आधी व्हिडिओ आणि मग त्यावरून लेख, असं केलं की लेख पोकळ होतो. चाळीस सेकंदांत अपवाद मावत नाहीत.

उंटावरचा शहाणा
ईमेलवाल्यांनी आधी डोमेनच्या (वेबसाइटच्या नावाच्या) एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी तपासाव्यात; पत्र खरोखर तुमच्याकडूनच आलंय हे त्यांवरून पडताळतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला पाच हजारांहून जास्त पत्रं पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीच्या आहेत. लहान यादीलाही त्या असाव्यात, नाहीतर पत्र थेट स्पॅममध्ये. पत्राला 'स्पॅम' ठरवणाऱ्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या बरंच खाली ठेवा. विकत घेतलेली यादी ते एका फटक्यात ओलांडते. आणि 'किती जणांनी उघडलं' या आकड्यावर नाचू नका. २०२१ मध्ये अॅपलने मेलमध्ये जी गोपनीयतेची सोय दिली, तिच्यामुळे न उघडलेलंही उघडलेलं मोजलं जाऊ शकतं. उत्तरं किती आली ते मोजा.

ठोकताळा
भाड्याच्या जागेचा मुद्दा खरा. पण तुमची 'स्वतःची' वेबसाइटही गूगलच्याच दयेवर आहे. मे २०२४ पासून अमेरिकेत, आणि नंतर इतरत्र, शोधाच्या माथ्यावरच यंत्राने जुळवलेलं उत्तर मिळू लागलं. 'पोपडे का येतात' याचं उत्तर तिथेच मिळालं तर तुमच्या पानावर येणार कोण?

टाचणी
'का येतात' एवढंच लिहिलं असेल तर कुणी येणार नाही, आणि न येणंच रास्त. पान असं हवं: कुठल्या भिंतीला कुठला उपाय चालत नाही, प्लास्टर कधी उतरवावंच लागतं, काम कधी नाकारतो. 'काम नाकारतो' हा परिच्छेद धंदेवाले हमखास गाळतात; गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो तो त्याच्यावर.

दुसरं, नवं लिहिण्याइतकंच जुनं दुरुस्त करा. तीन महिन्यांनी सर्च कन्सोल (आपली पानं गूगल शोधात कशी दिसतात ते सांगणारं गूगलचं साधन) उघडा, शोधात सरासरी क्रमांक आठ ते वीसमधली, दिसणं भरपूर पण क्लिक थोडे, अशी पानं काढा. शीर्षकात ग्राहकाचे शब्द घाला, उत्तर पहिल्या परिच्छेदात आणा. एकाच प्रश्नावर दोन पानं भांडत असतील तर एकात मिसळा आणि जुन्याचा पत्ता ३०१ ने (पत्ता कायमचा बदलल्याची खूण) नव्याकडे वळवा. पत्त्यात वर्ष घालू नका, पुढच्या वर्षी पान शिळं दिसतं. सर्च कन्सोलमधली आकडेवारी सोळा महिन्यांचीच राहते, तेव्हा अधूनमधून उतरवून ठेवा.

ठोकताळा
ठीक, धंदा जुना असेल तर हे चालेल. नव्या धंद्याकडे वहीत तीनदा आलेला प्रश्नच नसतो. त्याने पहिले तीन महिने आठवड्याला दोन छोटे व्हिडिओ करावेत, खालच्या शंका वहीत उतरवाव्यात, मग तुमच्या वाटेने जावं. याहून मागे मी हटणार नाही.

हिशेबनीस
दोन चालतील, पण गाठीशी तीन तयार तुकडे असल्याशिवाय पहिला प्रसिद्ध करू नका. शिल्लक एकावर आली की वेग निम्मा करा. दर्जा पाडून वेग राखायचा नाही. आणि डोमेन कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा. वेबसाइट करून देणाऱ्याच्या लॉगिनमध्ये असेल तर लेख लिहायच्या आधी ते आपल्या नावावर करून घ्या.