मदत हवी आहे: फायटर माशाची (बेट्टा स्प्लेंडेन्स) अंडी रात्रीतून गायब होतात, नराला खाण्यापासून कसं थांबवायचं?

निळापंख
फायटरची जोडी लावली की नर व्यवस्थित बुडबुड्यांचं घरटं करतो, मिठ्या होतात, अंडी घरट्यात दिसतात आणि सकाळी बघावं तर घरटं रिकामं. दरवेळी हेच. नर खातो हे उघड आहे. त्याला कसं थांबवायचं तेवढं सांगा. की नरच बदलू? मादी पुन्हा भरली आहे, याच आठवड्यात जोडी लावायची आहे. लवकर उत्तर मिळालं तर फार बरं.

तळ्याकाठी
पाण्याचं तापमान? पाण्याची उंची? फिल्टर कोणता, आणि त्या वेळी चालू असतो का? रात्री दिवा चालू की बंद? मादी कधी काढता? हे कळल्याशिवाय नर बदला म्हणणं हा निव्वळ अंदाज होईल.

शेवाळ
देशी बदामाचं वाळलेलं पान टाका. दहा लिटरला मध्यम आकाराचं एक पुरे. पाणी फिक्या चहासारखं होतं, बुरशी कमी धरते, पानाखाली घरटंही टिकतं. नर शांत राहिला की अंडी खात नाही.

निळापंख
पान आधीपासून आहे. तापमान नेहमीचंच, खोलीचं. टाकी दोन फुटी. नर हाफमून, मादीही त्याच रंगाची. मादी सकाळी काढतो. पण माझा प्रश्न नराबद्दल आहे.

तळ्याकाठी
दोन फूट ही लांबी झाली, मी पाण्याची उंची विचारली होती. आणि 'खोलीचं' तापमान म्हणजे किती अंश? थर्मामीटर लावून रात्रीचा आणि दुपारचा आकडा द्या.

तोवर एक गोष्ट. मादी सकाळपर्यंत आत राहत असेल तर दोष एकट्या नरावर टाकू नका. काही माद्या पडलेली अंडी तोंडात धरून घरट्यात ठेवतात, काही सरळ गिळतात. अंडी संपली की मादी कोपऱ्यात किंवा झाडामागे लपते, अंगावरचे उभे पट्टे फिके पडतात आणि ती घरट्याकडे आली की नर तिला हाकलतो. ही तिला बाहेर काढायची वेळ. त्यानंतर ती आत राहिली तर नराचा निम्मा वेळ तिच्यामागे धावण्यात जातो, घरट्याची डागडुजी थांबते, बुडबुडे फुटतात, अंडी तळाला जातात.

अर्धचंद्र
नर हाफमून आहे हे महत्त्वाचं आहे, त्यावरून पुढे जाऊ नका. शेपटी आणि खालचा पर फार मोठे असले की नराला मादीभोवती पूर्ण वळसा घालता येत नाही. मिठीत मादी उलटी होऊन दोघांची पोटं जवळ आली तरच अंडी बाहेर पडताक्षणी फलित होतात. अर्धवट मिठीत अंडी पडतात, पण बरीच कोरी राहतात. कोरी अंडी नर फार काळ सांभाळत नाही. तुम्हाला सकाळी दिसतं ते बहुधा हेच. आखूड परांचा प्लाकाट नर लावून बघा.

निळापंख
थर्मामीटर लावला. रात्री २४, दुपारी २६. पाणी १० इंच. मागे टांगायचा फिल्टर आहे, धार बारीक करून चालू ठेवतो. मिठ्या संध्याकाळी सुरू होतात, दिवा रात्री १० ला बंद. अंडी मात्र पांढरी दिसत होती, मग ती कोरीच असणार ना?

शेवाळ
पांढरी म्हणजे मेलेली. नर मेलेली खातो, ते योग्यच आहे.

तळ्याकाठी
हे टेट्रा माशांच्या अंड्यांबद्दल खरं आहे, फायटरबद्दल नाही. फायटरचं अंडं पडतानाच पांढरट आणि अपारदर्शक असतं, फलित असो वा नसो. पहिल्या काही तासांत रंगावरून काहीच ठरत नाही. ठरतं ते नंतर. बुरशी धरलेल्या अंड्याभोवती लव दिसते. चांगल्या अंड्यात साधारण दिवसभरानंतर भिंगातून काळसर ठिपका आणि वळवळणारी शेपटी दिसते.

आता आकड्यांवर येतो.

१० इंच पाणी फार खोल आहे. गुरामी माशांच्या बऱ्याच जातींची अंडी तेलकट असतात, आपोआप वर तरंगतात. फायटरची अंडी जड, ती बुडतात. एका मिठीत कधी दोन-चार, कधी तीस-चाळीस पडतात. मादी मिठीनंतर काही क्षण सुन्न होऊन आडवी तरंगते, तेवढ्यात नर खाली झेपावून अंडी तोंडात गोळा करतो आणि वर नेऊन घरट्यात चिकटवतो. हे दोन ते सहा तास चालतं. पाणी ४ ते ६ इंच असेल तर तो हे निभावतो. दहा इंचांत प्रत्येक फेरी दुप्पट लांब होते आणि बरीच अंडी तळालाच राहतात. तळाला वाळू किंवा खडी असेल तर ती हातची गेलीच. तळ उघडा ठेवा.

दिवा बंद करणं ही दुसरी अडचण. नर पडणारं अंडं डोळ्यांनी शोधतो. सत्र संध्याकाळी सुरू झालं असेल तर मध्येच अंधार करू नका. पिल्लं पोहायला लागेपर्यंत रात्री मंद दिवा राहू द्या, कारण बाहेर आलेली पिल्लंही घरट्यातून सारखी खाली घसरतात आणि नर त्यांना उचलून वर ठेवतो.

२४ अंशाला अंडी फुटायला दोन दिवस किंवा जास्त लागतात. २८ ला २४ ते ३६ तास. जितका उशीर तितका बुरशीला वेळ, आणि बुरशी एका अंड्यावरून शेजारच्यावर जाते. थर्मोस्टॅटवाला छोटा हीटर लावून २७-२८ वर स्थिर ठेवा. हीटर आडवा आणि पूर्ण पाण्याखाली हवा, कारण पाणी उथळ करणार आहात.

फिल्टरची धार कितीही बारीक असली तरी पृष्ठभाग हलतो आणि घरटं फुटतं. त्या काळात तो बंदच ठेवा. पिल्लं पोहू लागल्यावर हवेच्या पंपावरचा स्पंज फिल्टर, तोही सेकंदाला एक-दोन बुडबुडे इतकाच.

अर्धचंद्र
यात मिठीचा मुद्दा बाजूला पडतोय. पाणी उथळ केलं तरी नराला वळसा घालता येत नसेल तर अंडी कोरीच राहणार.

तळ्याकाठी
मुद्दा मान्य, पण तो तपासता येतो. मिठी नीट बघा. नर मादीला घट्ट वळसा घालतो का, की शेपटीत अडकून घसरतो? पहिल्या काही मिठ्या कोरड्याच जातात, त्यावरून निष्कर्ष नको. अंडी पडणाऱ्या मिठ्या बघा. तिथे वळसा पुरा होत असेल तर नर बदलायची गरज नाही. आधी खोली, उजेड आणि मादी काढायची वेळ सुधारा. सगळं एकदम बदललं तर दोष कशात होता ते कळणार नाही हे खरं, पण या तिन्ही गोष्टी कोणत्याही नराला लागतातच.

काचेचीवाटी
इतका खटाटोप कशाला? मिठ्या संपल्या की अंडी चमच्याने घरट्यासकट उचला. पसरट काचेच्या भांड्यात त्याच टाकीचं दीड-दोन सेंटिमीटर पाणी, मेथिलीन ब्लू (बुरशी रोखणारं निळं औषध) फिकट निळं दिसेल इतकंच, भांडं २८ अंशाच्या टाकीवर तरंगतं ठेवा. अंडी एका थरात पसरा, लव आलेली ड्रॉपरने काढत राहा. नर लागतच नाही.

तळ्याकाठी
चालतं, पण पहिला उपाय म्हणून नको. नर अंडी सारखी तोंडात घेतो, साफ करतो, जागा बदलतो, बुरशीची वेगळी काढतो. ते सगळं मग तुम्हाला हाताने करावं लागतं. शिवाय अशा भांड्यात फुटलेली पिल्लं तळाशी पडून राहतात. म्हणून पाणी उथळच ठेवावं लागतं आणि ते लवकर बिघडतं. नर खरोखरच खातो हे सिद्ध झालं तरच हा मार्ग.

काचेचीवाटी
एकदा खाणारा नर पुन्हा खातोच, मग वाट कशाला बघायची?

अर्धचंद्र
तरुण नर पहिल्या काही खेपांत खातात आणि नंतर उत्तम सांभाळतात, हे नेहमी दिसतं. खाण्याला कारण असतं. टाकीसमोर सतत ये-जा, शेजारच्या काचेत दिसणारा दुसरा नर, अचानक उजेड, कोरी अंडी. तीन बाजूंनी कागद लावा, निम्मी कारणं जातात.

मत्स्यगंधा
इथेच विचारते. माझी मादी एकटी असते, नर दिसतही नाही, तरी तिने अंडी टाकली आणि खाल्ली. हा आजार आहे का? पोटाखाली पांढरा ठिपकाही आहे.

तळ्याकाठी
मत्स्यगंधाताई, आजार नाही. पांढरा ठिपका म्हणजे अंडनलिकेचं टोक, प्रौढ मादीत तो बहुतेक वेळा दिसतोच. तेवढ्यावरून ती जोडीला तयार आहे असंही धरू नये. तयार मादीच्या अंगावर उभे पट्टे येतात, ती डोकं खाली करून नराकडे जाते. आडवे पट्टे दिसले तर ती घाबरलेली आहे, सोडू नका. चांगलं खाणं आणि उबदार पाणी असलं की मादी नराशिवायही अंडी टाकते. ती कोरी असतात, खाल्ली तर खाऊ द्या. काळजी कधी करायची? पोट सगळ्या बाजूंनी फुगलं आणि वरून बघताना खवले उभे राहिलेले दिसले तर. ती जलोदराची खूण, तिचा अंड्यांशी संबंध नाही.

शेवाळ
'अंडी अडकली' म्हणून मिठाच्या पाण्यात ठेवतात, ते करावं का?

तळ्याकाठी
न टाकलेली अंडी मादी शरीरात जिरवते. पोट फुगलंय, खवले सपाट आहेत आणि विष्ठा होत नाही, तर आधी दोन दिवस उपास आणि मग खायला डाफ्निया (पाणपिसवा).

प्रवाळ
घरट्याचा त्रास नको असेल तर तोंडात अंडी उबवणारे बेट्टा पाळा, अल्बिमार्जिनाटा किंवा सिंप्लेक्स. नर अंडी तोंडात धरतो, पिल्लं पोहण्याइतकी मोठी झाल्यावरच सोडतो. घरटं नाही, बुडबुडे नाहीत.

अर्धचंद्र
सुंदर मासे आहेत, पण विचारलंय स्प्लेंडेन्सबद्दल. निळापंख, एक आत्ताच ठरवा. खेप यशस्वी झाली तर शेकड्यांनी पिल्लं असतात. दोन-तीन महिन्यांत नर एकमेकांचे पर फाडू लागतात आणि प्रत्येकाला वेगळी बरणी लागते. रोज किती बरण्यांचं पाणी बदलता येईल तो आकडा आधी ठरवा, जोडी मग लावा.

निळापंख
सगळ्यांना धन्यवाद. पाणी ५ इंचांवर आणलं, खडी काढली, हीटर २८ वर, फिल्टर बंद, कागद लावला. मादी कापलेल्या पारदर्शक बाटलीत आहे, उभे पट्टे आलेत. नर घरटं करतोय. या खेपेला मिठी बघून इथे लिहितो. पिल्लांना पहिल्या दिवसापासून आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) चालेल का?

तळ्याकाठी
फुटल्यापासून पोहू लागेपर्यंत दोन-तीन दिवस काहीच देऊ नका, तेव्हा ती पोटातल्या पिवळ्या पिशवीवर जगतात आणि घरट्याखाली उभी लटकतात. आडवी पोहू लागली की नर काढा. त्याच दिवशी इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्मजीव) किंवा व्हिनेगर ईल (व्हिनेगरमध्ये वाढणारे बारीक कृमी) सुरू करा. व्हिनेगर ईल पाण्यात मधोमध वळवळत दिवसेंदिवस जिवंत राहतात, मायक्रोवर्म (तसेच बारीक कृमी) तळाला बसतात. इन्फ्युसोरिया आजच लावून ठेवा: जुन्या टाकीचं पाणी, उकडलेल्या पालेभाजीचा तुकडा, उजेडाची जागा. तयार व्हायला पाच-सात दिवस लागतात.

आर्टेमिया पोहू लागल्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून. त्याची अंडी उबवायला लिटरला २५ ते ३० ग्रॅम मीठ, २८ अंश, जोरात हवा, २४ तास. फुटल्यावर सहा-आठ तासांत द्या, पुढे त्यांच्यातला पोषक भाग संपत जातो. वर तरंगणारी टरफलं आत जाऊ देऊ नका. दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं द्या. पोटं नारिंगी दिसली म्हणजे खाल्लं. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासांत मरतात, उरलेले हवेच्या बारीक नळीने तळातून ओढून घ्या आणि तितकंच त्याच तापमानाचं पाणी थेंब थेंब भरा.

टाकीवर झाकण किंवा प्लास्टिकची झिल्ली आत्तापासून लावा, फक्त हवेला फट ठेवा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास पिल्लं वर येऊन हवा घ्यायला लागतात. पाण्यावरची हवा थंड आणि कोरडी असेल तर नेमकी तेव्हा मोठ्या प्रमाणात मरतात.

निळापंख
झिल्ली लावली. मादी संध्याकाळऐवजी उद्या पहाटे सोडतो, म्हणजे पूर्ण सत्र दिवसाउजेडी होईल.

तळ्याकाठी
बरोबर. आणि सोडण्यापूर्वी टाकीत मादीला लपायला एक झुडूप नक्की ठेवा, सुरुवातीचा पाठलाग जोरात असतो. पर थोडे फाटले तर चालेल. ती पृष्ठभागाशी धापा टाकत पडून राहिली तर लगेच वेगळी करा.