मदत हवी आहे : वेग दिला की होडीची मोटर बंद पडते, कोल्हापुरात कोणाकडे दाखवावी?

चिखलीकर
नमस्कार. आमच्या तरुण मंडळाच्या होडीला मागे लावायची मोटर आहे. ती लगेच सुरू होते, काठाजवळ व्यवस्थित चालते, परंतु पात्राच्या मध्यावर जाऊन वेग दिला की थोड्याच वेळात तिचा दम तुटतो आणि ती बंद पडते. जरा थांबून दोरी ओढली की पुन्हा सुरू होते, आणि पुन्हा तेच. प्लग नवा घातला, कार्बोरेटर धुऊन घेतला, तरी फरक नाही. धरणक्षेत्रात पाऊस सुरू झाला आहे आणि पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की आमच्या भागात होडीवाचून चालत नाही. कोल्हापुरात ही मोटर जाणणारा कोणी कारागीर असेल तर कृपया लवकर कळवावे.

उद्यमनगरचा फिटर
कारागीर सुचवण्याआधी थोडी माहिती द्यावी. मोटर दोन स्ट्रोकची की चार स्ट्रोकची, किती अश्वशक्तीची, पेट्रोलची टाकी मोटरवरच आहे की होडीत वेगळी ठेवता, आणि मोटर चालू असताना मागच्या बारीक छिद्रातून मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार येते का? या चार गोष्टी कळल्याशिवाय काहीही सांगणे म्हणजे अंदाज बांधणे होईल.

रंकाळाप्रेमी
माझा सल्ला असा की पेट्रोलच्या भानगडीत पडूच नये. बॅटरीवर चालणारी छोटी मोटर घ्यावी; आवाज नाही, धूर नाही, आणि पाण्यावर तेलाचा तवंगही येत नाही. तलावातल्या पक्ष्यांनाही तिचा त्रास होत नाही.

उद्यमनगरचा फिटर
तलावासाठी तुमचे म्हणणे योग्य आहे, परंतु हे गृहस्थ पुराविषयी बोलत आहेत. मासेमारीसाठी मिळणाऱ्या त्या मोटरींची ताकद जेमतेम एका अश्वशक्तीच्या आसपास असते. पंचगंगा इशारा पातळीच्या, म्हणजे ३९ फुटांच्या वर गेल्यावर पात्रात जी ओढ असते, तिच्यासमोर माणसांनी भरलेली होडी त्या मोटरीवर नेणे धोक्याचे आहे.

चिखलीकर
मोटर दोन स्ट्रोकची, १५ अश्वशक्तीची आहे. टाकी वेगळी आहे. धार चांगली येते. गंमत म्हणजे पाण्याच्या पिंपात लावली की ती कितीही वेळ चालते, म्हणूनच प्रत्येक कारागीर 'काही दोष नाही' म्हणून परत पाठवतो.

भोगावतीकाठ
मोटरीच्या दांड्याची लांबी मोजली आहे का? होडीची मागची फळी १५ इंचांची असेल तर आखूड दांडा, २० इंचांची असेल तर लांब दांडा लागतो. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीच्या आसपास असावी. ती फार वर राहिली तर पंखा हवा ओढतो आणि होडी पुढे सरकत नाही.

चिखलीकर
लांबी बरोबर आहे, मोटर याच होडीवर पूर्वी उत्तम चालत होती. प्रश्न बंद पडण्याचा आहे.

मालवणचा खलाशी
पिंपातल्या चाचणीने फसू नका. पिंपात मोटर मोकळी फिरते, तिला पेट्रोल अगदी थोडे पुरते. पाण्यात पंख्यावर भार आला आणि थ्रॉटल पूर्ण उघडला की पेट्रोलची भूक कितीतरी पटींनी वाढते, आणि तेवढे पेट्रोल पोहोचले नाही की कार्बोरेटरची वाटी रिकामी होऊन मोटर बंद पडते. थांबल्यावर वाटी हळूहळू भरते, म्हणून ती पुन्हा सुरू होते. तुम्ही सांगितलेली लक्षणे तंतोतंत हीच आहेत. तेव्हा मोटर न उघडता पुढची तपासणी करा. प्रथम टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पूर्ण सैल करा. तो बंद राहिला किंवा गंजाने बुजला तर टाकीत पोकळी होऊन पेट्रोल ओढले जात नाही. दुसरे, मोटर मंदावू लागताच नळीवरचा रबरी फुगा हाताने दाबत राहावे. दाबल्यावर मोटर सावरली तर पेट्रोल येण्याच्या वाटेत दोष आहे हे नक्की. फुगा चपटा होऊन बसत असेल तर अडथळा टाकीकडच्या बाजूला आहे. तो चपटा होत नसेल आणि तरी दाबल्यावर मोटर सावरत असेल, तर कुठेतरी नळीत हवा शिरते आहे किंवा मोटरवरच्या पेट्रोल पंपाचा पडदा थकला आहे.

एक सावधगिरी कळकळीने सांगतो. दोन स्ट्रोकच्या मोटरीत वंगणाचे तेल पेट्रोलमधूनच येते. पेट्रोल कमी पडले म्हणजे तेलही कमी पडले. या अवस्थेत पुन्हा पुन्हा पूर्ण वेग दिलात तर पिस्टन धरेल, म्हणजे तापून आत अडकून बसेल, आणि मग खर्च नळीचा राहणार नाही.

शिरोळची सुनीता
माझ्या मते दोष पेट्रोलचा आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. उन्हाळाभर टाकीत राहिलेले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर स्थिर ठेवा. तेल मिसळल्याने पेट्रोलला रंग आलेला असतो. तळाशी त्याहून वेगळा, पाण्यासारखा थर दिसला तर ते पेट्रोल मोटरीत घालू नये.

उद्यमनगरचा फिटर
ताई, बाटलीची तपासणी जरूर करावी, परंतु प्रत्येक बिघाड इथेनॉलवर ढकलणे मला पटत नाही. तळाला पाणी साचले असते तर मोटर पिंपातही आचके देत चालली असती.

शिरोळची सुनीता
पाणी नसेलही, पण इथेनॉलने जुन्या रबराचे काय होते ते आपण रोज पाहत असाल. जुनी नळी बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून तिचे पापुद्रे सुटतात. आमच्या होडीची नळी कापली तेव्हा आतला थर सुटून आडवा आलेला होता.

उद्यमनगरचा फिटर
ते मात्र खरे आहे, नळीच्या बाबतीत मी सहमत आहे.

सांगली रस्ता
एवढी कसरत करण्यापेक्षा मंडळाने वर्गणी काढून चार स्ट्रोकची नवी मोटर घ्यावी. पेट्रोल कमी लागते आणि तेल मिसळावे लागत नाही.

मालवणचा खलाशी
चार स्ट्रोकची मोटर चांगलीच असते, परंतु याच ताकदीची दोन स्ट्रोकची साधारण ३६ किलोंची, तर चार स्ट्रोकची ५० किलोंच्या आसपास भरते. पुरात होडी खांद्यावरून या गल्लीतून त्या गल्लीत न्यावी लागते, तिथे हा फरक जाणवतो. शिवाय नळी खराब असेल तर ती नव्या मोटरीलाही बंदच पाडेल.

चिखलीकर
सर्वांचे आभार. आमच्या प्रयाग चिखलीच्या नदीसंगमाजवळ तपासणी केली. झाकणाचा स्क्रू सैल केला, फरक नाही. बाटलीत वेगळा थर दिसला नाही. फुगा दाबत राहिल्यावर मात्र मोटर सावरली, आणि फुगा चपटा होत नव्हता. मग नळी जिथे मोटरीला खटक्याने जोडतो तिथे साबणाचे पाणी लावून फुगा घट्ट दाबला, तर जोडाच्या कडेला बारीक बुडबुडे आणि पेट्रोलची ओल दिसली. खटका काढून पाहिला, आतली रबरी कडी एका बाजूला चिरली आहे. ही कडी कोल्हापुरात मिळेल का? आणि ट्रॅक्टरची डिझेलची नळी चालेल का?

उद्यमनगरचा फिटर
उद्यमनगरात ऑइल सील आणि रबरी कड्यांची दुकाने आहेत, तिथे जुनी कडी आणि खटका दोन्ही घेऊन जावे. माप केवळ डोळ्यांनी ठरवू नका, जाडी कॅलिपरने मोजून घ्या. पेट्रोल सोसणाऱ्या रबराची कडी मागा, पाण्याच्या नळाची कडी पेट्रोलमध्ये फुगून आठवड्यात निकामी होते. ट्रॅक्टरची नळी वापरू नये. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनवलेली नळी घ्यावी आणि आतला व्यास मूळ नळीइतकाच असावा. बारीक व्यासाची घातलीत तर हाच त्रास पुन्हा सुरू होईल.

मालवणचा खलाशी
कडी बदलाच, पण पाऊस तोंडावर असताना फुग्यासह पूर्ण नळीच नवी घ्यावी आणि जुनी दुरुस्त करून होडीत राखीव ठेवावी. पेट्रोल पंपाच्या पडद्याचा संचही आणून ठेवा. आणि तेल कोणते घालता तेही पाहा. मोटारसायकलचे टू-टी तेल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असते. पाण्याने थंड होणाऱ्या या मोटरीला डब्यावर टीसी-डब्ल्यू ३ लिहिलेले तेल लागते. प्रमाण तुमच्या मोटरीच्या पुस्तिकेत दिलेले असेल तेच ठेवा. अनेक मोटरींना ते ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल असे असते.

चिखलीकर
नवी नळी बसवली. संगमापासून पलीकडच्या काठापर्यंत आणि परत, पूर्ण वेगाने, मोटर कुठेही अडखळली नाही. तेलाचा डबा पाहिला, तो टीसी-डब्ल्यू ३ चाच आहे. पडद्याचा संच मात्र शहरात मिळाला नाही, मालवणहून पाठवण्याची सोय होईल का?

मालवणचा खलाशी
होईल. मोटरीच्या कंसावरच्या पट्टीवर मॉडेलचा आणि अनुक्रमांकाचा आकडा कोरलेला असतो, तो मला खासगी निरोपात कळवा. वर्षागणिक पडद्याची भोके बदलतात.