कॉमेंट्स 'साफ केल्या' म्हणजे नक्की काय केलं?

मुळाक्षर
परवा माझ्या एका वाक्याने घोळ घातला, म्हणून विचारते. आमच्या गटात कामाच्या नोंदी मराठीत लिहायची पद्धत आहे. सध्या जावा या प्रोग्रॅमिंग भाषेची जुनी आवृत्ती सोडून नवीवर जायचं काम चालू आहे. जावा 23 पासून (सप्टेंबर 2024) जावाडॉकच्या कॉमेंट्स (कोडमध्येच माणसांसाठी लिहिलेला खुलासा, जावाडॉक त्यातून माहितीची पानं बनवतं) मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणांनी मजकूर मांडायच्या पद्धतीत, लिहिता येतात. आधी /** ने सुरुवात आणि आत एचटीएमएलचे टॅग (वेबपानाच्या मांडणीच्या खुणा) असायचे. आता प्रत्येक ओळीला /// आणि आत जवळजवळ साधा मजकूर. परिच्छेद तोडायला पी टॅगऐवजी मोकळी ओळ, यादीला एलआयऐवजी नुसती आडवी रेघ, दुसऱ्या क्लासचा दुवा चौकटी कंसात. तीन दिवस बसून मी फायली अशा बदलल्या आणि नोंदीत लिहिलं, 'व्याजाच्या भागातल्या सगळ्या कॉमेंट्स साफ केल्या.'
रात्री सिनियर ताईंचा फोन. 'अगं, साफ का केल्यास? नियम सगळे त्यातच लिहिलेले होते!' त्यांना वाटलं मी पुसून टाकल्या. त्यांचं म्हणणं, ताट साफ केलं, तिजोरी साफ केली, म्हणजे मागे काही उरत नाही. मी म्हटलं, घर साफ केलं म्हणजे कुणी कपाट फेकून देत नाही. मजकूर तोच, मांडणी नवी, असं एका क्रियापदात सांगायचं तर तुम्ही काय म्हणाल?

जुना टंकलेखक
आधी 'कॉमेंट' सोडा. 'टिप्पणी' हा उत्तम शब्द असताना त्याची गरज नाही. 'टिप्पण्यांची पुनर्मांडणी केली' असं लिहिलं असतंत तर फोन आलाच नसता.

कोडकरी
पंधरा वर्षं या धंद्यात आहे, 'इथे एक टिप्पणी लिही' असं मला कुणी म्हटलेलं नाही. 'कॉमेंट टाक' म्हणतात. टिप्पणी म्हटलं की वर्तमानपत्रातला स्तंभ डोळ्यांपुढे येतो. आणि कॉमेंट परकी म्हणून नको असेल, तर 'साफ'सुद्धा अरबीतून फारसीवाटे आलाय. तो तुम्हाला खटकला नाही.

जुना टंकलेखक
साफ शेकडो वर्षं मुरलाय. कॉमेंट मुरलेली नाही. तिचं अनेकवचन तरी मराठीत होतं का? फाईलचं फायली झालं, पेन्सिलीचं पेन्सिली झालं. कॉमेंटचं तुम्ही सगळे 'कॉमेंट्स' करताय, म्हणजे इंग्रजी प्रत्यय जसाच्या तसा. शब्द घरात आला की त्याने घरचं व्याकरण घ्यावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

गोदाकाठ
आमच्या ऑफिसात 'कॉमेंटी' म्हणतात. खरंच.
बाकी मला 'टीप' आवडते. टिपणे, टिपण, टीपकागद हे सगळे माझ्या मते एकाच घरातले. पक्षी दाणा टिपतो तसं माणूस मुद्दा टिपतो. माझी आजी शिवणाच्या टाक्यालाही टीप म्हणायची, 'एक टीप मारून दे'. कॉमेंटसुद्धा कोडला मारलेली टीपच आहे, उसवू नये म्हणून. 'शेरा' मात्र नको. शेरा साहेब दुसऱ्याच्या कागदावर मारतो, कॉमेंट आपण आपल्याच कामावर लिहितो.

मुळाक्षर
सगळं वाचतेय, पण माझा प्रश्न क्रियापदाचा होता :)

समासातली रेघ
तुमच्या ताईंची बाजू घेतो. हस्तलिखित पोथ्यांत चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देत आणि तो वाळला की वर नवं अक्षर लिहीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथला. नीट करण्यासाठी लावायचा तो लेप, पण वाक्प्रचाराचा अर्थ आज काय उरलाय? वाया घालवणं, विपरीत करणं. दुरुस्तीचा शब्द घसरत घसरत नाशाकडे जातो, 'साफ'ही त्याच वाटेवर आहे. म्हणून कामाच्या नोंदीत तो नको.

गोदाकाठ
हरताळ म्हणजे संप ना? बाजार बंद ठेवतात तो?

समासातली रेघ
तो वेगळा. त्यात हाट आणि ताळा आहेत, बाजाराला कुलूप. हा हरताळ म्हणजे पिवळं खनिज. कानाला दोन्ही सारखे, एवढंच.

ग्रंथघर
याला जुना आणि नेमका शब्द आहे. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. त्याला त्यांनी शब्द वापरला 'प्रतिशुद्ध'. आणि त्या कामाचं क्रियापद होतं 'शोधणे'. आज शोधणे म्हणजे हुडकणे, पण मुद्रितशोधनात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. 'कॉमेंट्स शोधल्या' लिहिलंत तर लोक विचारतील सापडल्या का, हे मान्य. पण 'कॉमेंट्स शोधून घेतल्या' हे माझ्या कानाला फार गोड लागतं.

कोडकरी
सुंदर माहिती, पण नाथांनी पाठातल्या चुका काढल्या. इथे चूक काहीच नव्हती, साधन बदललं. कॉमेंट काल बरोबर होती, आज तीच चुकीची ठरली. हे मी 2014 ला भोगलंय. जावा 8 आली आणि जावाडॉकने एचटीएमएल काटेकोरपणे तपासायला सुरुवात केली. पी टॅग शेवटी तिरकी रेघ देऊन जागीच बंद केला की थेट एरर. वर्षानुवर्षं चाललेली फाईल एका रात्रीत अडली. त्या कामाला आम्ही 'कॉमेंट्स वळणावर आणल्या' म्हणायचो.

खिडकीपाशी
लिनक्स कर्नलला (लिनक्स या संगणकप्रणालीचा गाभा) अधूनमधून पॅच, म्हणजे कोडमधले छोटे बदल, पाठवतो. तिथेही 2016 ला, 4.8 आवृत्तीपासून, दस्तऐवज डॉकबुक या जुन्या पद्धतीवरून स्फिंक्स या साधनाकडे जायला लागले. स्फिंक्सला ओळीच्या आधीची मोकळी जागा अर्थाची असते. आधी कुणी नुसतं दिसायला छान म्हणून चार जागा सोडून लिहिलेलं, ते अचानक इशारे द्यायला लागलं. तिथे लोक नोंदीत 'फिक्स' लिहितात, 'क्लीन' नाही. मराठीत मी 'नीट केल्या' म्हणेन. साधं, आणि कुणाला पुसल्यासारखं वाटत नाही.

मुळाक्षर
'नीट केल्या' जवळ येतं. पण काल एक गोष्ट झाली, त्यामुळे तेही अपुरं वाटायला लागलंय. एका जुन्या कॉमेंटमध्ये सूत्र होतं, मुद्दल*दर*दिवस. जुन्या पद्धतीत ते जसंच्या तसं छापलं जायचं. मी वरची रेघ /// केली, बाकी हात लावला नाही. पान तयार झालं तेव्हा दोन्ही फुल्या गायब आणि मधला 'दर' तिरप्या अक्षरात! मार्कडाउनला दोन फुल्यांमधला शब्द ठसवायचा असतो असं वाटतं, गुणाकार त्याला कळत नाही. मग सूत्राला दोन्ही बाजूंनी उलटी टिचकी (`) दिली तेव्हा फुल्या परत आल्या. म्हणजे 'मजकूर तोच' हे मी वर लिहिलं, पण तो तोच राहावा म्हणून एकेक ओळ डोळ्यांखालून घालावी लागली. हे नीट करण्यापेक्षा जास्त आहे.

रत्नागिरीकर
मग 'बेणणे' म्हणा. भाताच्या खाचरात रोपाला धक्का न लावता तण तेवढं काढायचं, त्याला आमच्याकडे बेणणी म्हणतात. एकेक रोप बघूनच पुढे जावं लागतं. माझी आई दिवसभर वाकून बेणायची, संध्याकाळी खाचर तेच, भात तोच, पण बघितलं की कळायचं हात फिरलाय म्हणून. 'कॉमेंट्स बेणून घेतल्या.'

वऱ्हाडवाला
आमच्याकडे याला निंदण म्हणतात. आणि निंदताना तण उपटून बांधावर टाकतात. मुळाक्षरताईंनी फुल्या परत आणल्या, टाकल्या नाहीत. शब्द बसत नाही.

रत्नागिरीकर
टॅग टाकलेच ना त्यांनी. पी, यूएल, एलआय, सगळं बांधावर.

जुना टंकलेखक
'खुरपणी' हा सर्वांना कळणारा शब्द आहे. बेणणी कोकणाबाहेर किती जणांना कळेल?

रत्नागिरीकर
खुरपणीत खुरपं लागतं. बेणणी हाताने होते. हे दोन वेगळे शब्द आहेत, एक प्रमाण आणि एक बोलीतला असं नाही.

वऱ्हाडवाला
निंदणाला आमच्या बायकाही खुरपंच घेतात, मग ते वेगळं कसं? सांगली-कोल्हापूरकडे काय म्हणतात? भांगलण ऐकलंय मी.

मुळाक्षर
भांगलणच. माझं माहेर तिकडचं. मी हा शब्द बारा-तेरा वर्षांत उच्चारला नव्हता. उसाच्या भांगलणीला आजी मला सोबत न्यायची आणि सांगायची, आधी रोप ओळखायला शिक, मग हात घाल.
आत्ता नोंदीत तूर्तास 'मांडणी बदलली, मजकूर तपासला' असं लिहून ठेवलंय. ताईंना विचारलं, त्यांना 'तपासला' आवडलं नाही, परीक्षेचा वास येतो म्हणाल्या.

गोदाकाठ
भांगलणमधला 'भांग' म्हणजे केसातला भांगच असणार, नाही का? सरी पाडल्यासारखा?

समासातली रेघ
मला नाही वाटत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात बघून सांगतो, घरी 1857 ची दुसरी आवृत्ती आहे, पुनर्मुद्रण.