मुंबई–न्यूअर्क: अंतर १२,५५० किमी, मग साडेसोळा तास कसे?

नमस्कार मंडळी,
आई-बाबांचं जानेवारीचं मुंबई–न्यूअर्क (न्यूयॉर्कजवळचा विमानतळ) तिकीट बघतेय. अंतर १२,५५० किमी आणि विमानाचा वेग ताशी ९०० धरला, तर चौदा तास होतात. तिकिटावर मुंबईहून येताना १६ तास ३० मिनिटं आहेत, परतताना त्याहून बरेच कमी. असं का?

---

ताई,
अंतर बरोबर आहे, पण ते पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं. ती रेषा न्यूअर्कहून ईशान्येला निघते, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकावरून आइसलंडजवळ ६५ अंश उत्तरेला पोचते आणि सेंट पीटर्सबर्ग, तुर्कमेनिस्तान, पाकिस्तान करत मुंबईला येते. हा सरळ मार्ग आज मिळत नाही. अमेरिकी कंपन्यांना रशियाचं आकाश २०२२ पासून बंद आहे, भारतीय कंपन्यांना पाकिस्तानचं एप्रिल २०२५ पासून. वळसा पडतोच; किती, ते कंपनी आणि दिवसागणिक बदलतं.

वारा तर त्याहून महत्त्वाचा. जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा जोरदार वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि हिवाळ्यात जोर धरतो. समजा, वळशासकट १३,२०० किमी झाले. येताना सरासरी ६० किमीचा वारा समोरून असेल, तर जमिनीवरचा वेग ८४० राहतो: पावणेसोळा तास. परतताना तोच वारा पाठीमागून, वेग ९६०: पावणेचौदा. तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो, म्हणून धावपट्टीपर्यंतची रांग आणि उतरल्यावरचं टॅक्सीइंग (गेटपर्यंत विमान हळू नेणं) धरून अर्धा-पाऊण तास वर घाला.

पडताळा असा घ्या: न्यूअर्कच्या वेळेत हिवाळ्यात १०:३० तास मिळवले की भारतातली वेळ येते. मुंबईहून रात्री १:३० ला निघून सकाळी ७:३० ला इथं, म्हणजे भारतात संध्याकाळचे ६:००. साडेसोळा तास बरोबर. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत मात्र ९:३० मिळवायचे. घोटाळा बहुतेक इथंच होतो.

---

काका, लंडनमार्गे स्वस्त पडतंय. पण अंतर खूप वाढेल ना?

---

अजिबात नाही. मुंबई–लंडन ७,२०० आणि लंडन–न्यूअर्क ५,५६० मिळून १२,७६०, म्हणजे जेमतेम २०० किमी जास्त. वेळ जातो तो थांब्यात. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्या. वेगळी तिकिटं असली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर पुढच्या विमानाचं तिकीट बुडतं आणि नवं स्वतःच्या पैशानं काढावं लागतं. ज्येष्ठांसाठी मधे तीन तास तरी ठेवा. व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागा आणि दोन्ही टप्प्यांवर नोंदली आहे का ते बघा.

अबुधाबीमार्गे असेल तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथंच होतं, म्हणून मधला वेळ आणखी सैल हवा.

आणायला निघण्याआधी फ्लाइटरडार या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर फ्लाइट नंबर टाकून त्या दिवसाची अंदाजित वेळ बघा. थेट विमानाचे प्रवासी उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामान घेऊन बाहेर यायला तास-दीड तास सहज लागतो. तोवर गाडी सेल फोन लॉटमध्ये (प्रवाशांचा फोन येईपर्यंत थांबायची विमानतळावरची जागा) उभी करा.