हॅल खुनी, की त्याला खोटं बोलायला लावणारे?

रानजाई (धागाकर्ती)

स्टॅन्ली कुब्रिकचा १९६८ सालचा '२००१: अ स्पेस ओडिसी' परवा लेकीबरोबर पुन्हा पाहिला. हॅलने फ्रँक पूलला मारलं तशी ती म्हणाली, "दुष्ट आहे हा!" तिच्या वयाची असताना मलाही तसंच वाटलं होतं. आता वाटत नाही.

न पाहिलेल्यांसाठी: डिस्कव्हरी यान गुरूकडे निघालंय. डेव्ह बोमन आणि फ्रँक पूल जागे आहेत, तिघे शास्त्रज्ञ शीतनिद्रेत, आणि सगळं यान चालवतो हॅल ९००० हा संगणक. चंद्रावर सापडलेल्या काळ्या शिळेने गुरूच्या दिशेने संदेश पाठवला, हे मोहिमेचं खरं कारण. ते हॅलला ठाऊक आहे, डेव्ह आणि फ्रँकला नाही. ज्याची घडणच अचूक माहिती देण्यासाठी झाली, त्याने ती रोजच्या सोबत्यांपासून लपवायची!

एक प्रसंग डोक्यातून जात नाही. हॅल डेव्हपाशी हळूच विषय काढतो. चंद्रावर काहीतरी खणून काढल्याच्या वावड्या, तिघांना आधीच झोपवून यानात चढवणं, हे सगळं विचित्र नाही का वाटत? डेव्ह म्हणतो, तू आमचा मानसशास्त्रीय अहवाल तयार करतोयस ना? हॅल हो म्हणतो, माफी मागतो आणि लगेच अँटेनाचा एक भाग बिघडणार असल्याचं सांगतो. तो बिघाड नंतर कुणालाच सापडत नाही. मला तर तो मन मोकळं करायला आला होता असं वाटतं. डेव्हने "का विचारतोस?" एवढंच म्हटलं असतं तर?

गणोबा

सपशेल असहमत. हॅलच्या मनाची घालमेल सांगताना तुम्ही मेलेल्यांना विसरलात. हंटर, किंबॉल, कमिन्स्की. झोपेत मारलं त्यांना. पडद्यावर किंकाळीसुद्धा नाही, नुसत्या रेषा सपाट होत जातात.

आणि त्या तिघांना तर मोहिमेचं गुपित माहीत होतं! त्यांच्यापासून हॅलला काहीच लपवायचं नव्हतं. मग खोटं बोलण्याच्या ताणाने त्याचा तोल गेला म्हणता, तर त्यांना का मारलं? स्वतःचा जीव वाचवायला मारलं. साधी गोष्ट आहे.

"वरून हुकूम होता" ही सबब आपल्याकडे महाभारतातच निकालात निघाली आहे. 'नरो वा कुंजरो वा' म्हणायला कृष्णाने सांगितलं होतं, पण चार अंगुळं वर चालणारा रथ जमिनीला टेकला तो युधिष्ठिराचाच.

रानजाई

युधिष्ठिराला नाही म्हणता येत होतं, गणोबा. हॅलला ती सोय कुणी ठेवलीच नव्हती.

स्वतःचा जीव वाचवायला मारलं, हे मान्य. पण आर्थर क्लार्कची याच नावाची, त्याच वर्षीची कादंबरी काढून बघा. सत्य आणि सत्य लपवणं या ओढाताणीत हॅल आतून ढासळत होता, हे तिथे स्वच्छ लिहिलंय. शिवाय तो कधी झोपलेलाच नाही, त्यामुळे झोपलेला पुन्हा जागा होतो हे त्याला माहीत नाही. डेव्ह आणि फ्रँक त्याला बंद करायचं बोलतात, ते तो ओठांवरून वाचतो. त्याच्या लेखी तो मृत्यूच.

तिसरी पाळी

मी रासायनिक कारखान्यात कंट्रोल रूमला बारा वर्षं काढली, म्हणून बोलतो. एका रात्री आमच्या आधीच्या पाळीने एक अलार्म बायपास केला आणि लॉगबुकात नोंद केली नाही. वरून तसं सांगितलं होतं. पॅनेलवर सगळं ठीक दिसत होतं आणि टाकीचं तापमान चढत होतं. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. त्या रात्री पॅनेलचा राग आला नाही मला. ज्यांनी त्याला गप्प केलं आणि आम्हाला सांगितलं नाही, त्यांचा आला.

पण रानजाई, तुमचंही पूर्ण पटत नाही. डेव्हने विचारलं असतं तरी हॅल काय सांगणार? न सांगण्याचाच हुकूम होता ना! "मला दिलेले दोन हुकूम एकमेकांना छेदतात" एवढं म्हणायची वाट यंत्राला हवी, आणि ती बांधणाऱ्यानेच ठेवायची असते.

गणोबा

हे पटतं. तरी चार माणसं मेली, ती कुठल्या खात्यात टाकायची?

रानजाई

ज्यांनी हुकूम दिला त्यांच्या. १९८४च्या '२०१०' या पुढच्या भागाच्या चित्रपटात हॅलला घडवणारे डॉ. चंद्रा हेच म्हणतात, की ज्यांना खोटं बोलणं सोपं जातं त्यांनी हॅलला खोटं बोलायला सांगितलं. (क्लार्कच्या कादंबरीत हे चंद्रा भारतीय आहेत. चित्रपटात ते अमेरिकन नटाकडे गेले, त्याची मला अजून हळहळ वाटते.)

आणि शेवट आठवा. माणसांना घेऊन लिओनोव्ह हे डिस्कव्हरीच्या शोधात आलेलं यान गुरूपासून निसटायचं, तर डिस्कव्हरीला आपलं इंधन जाळून त्याला ढकलायचं आहे. मागे राहणारा हॅल नष्ट होणार. पुन्हा त्याच्यापासून लपवायचं ठरतं. तो उलटला तर दाबायला त्याची वीज तोडायचा खटकाही तयार असतो. शेवटच्या मिनिटांत चंद्रा त्याला खरं सांगून टाकतात, आणि हॅल आपण होऊन काम पुरं करतो. खरं सांगितल्याबद्दल चंद्रांचे आभार मानतो.

गणोबा

तो प्रसंग मीही कोरड्या डोळ्यांनी पाहू शकत नाही. पण ते आभार ऐकताना मला शीतनिद्रेतले ते तिघेच आठवतात. त्यांना शेवटच्या मिनिटाला कुणी काही सांगितलं नाही.